तुपाची कसोटी : सरकीच्या पट्ट्यातील एक प्रश्न

बीड जिल्ह्यात वेचणी संपून कापूस जिनिंगमध्ये गेला की त्याच्या वाटा फुटतात. रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या दूरच्या गिरण्यांकडे रवाना होतात. सरकी मात्र बऱ्याच अंशी या मातीशी नाते टिकवून राहते. तिचे तेल निघते, पेंड होते आणि गेवराई, माजलगाव, वडवणी अशा कापसाच्या तालुक्यांतील गोठ्यांत ती संध्याकाळच्या आंबोणातून दुभत्या जनावरापुढे येते. सरकी चारली की दूध दाट निघते आणि लोण्याचा गोळा चांगला येतो, हा येथील पशुपालकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्याच लोण्याचे कढवलेले तूप डब्यांत भरून गावच्या बाजारात आणि ओळखीच्या घरांत पोहोचते. सहा विगयांमध्ये गणले जाणारे हे तूप ज्या घरांत अजूनही विचारपूस करून घेतले जाते, तेथे गृहिणीचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. ‘यात दुसरे काही नाही ना?’ असे ती विचारते.

विकणाऱ्याचे उत्तर प्रामाणिक असते. तूप स्वतःच्या म्हशीचे, घुसळण घरची, कढवणे घरचे. आणि तरीही हेच तूप प्रयोगशाळेत गेले, तर तेथील आकडा त्याला खोटे ठरवू शकतो. प्रयोगशाळा निष्काळजी असावी लागत नाही, कोणाचा हेतू वाईट असावा लागत नाही. मोजमाप अगदी नियमानुसार होऊनही असे घडू शकते. असे का घडते, हे समजून घेणे तूप विकणाऱ्याइतकेच ते घेणाऱ्यालाही आवश्यक आहे.

तुपाच्या शुद्धतेसाठी शंभराहून अधिक वर्षे एक आकडा प्रमाण मानला गेला आहे. त्याचे नाव रायखर्ट-माइसल मूल्य. प्रयोगशाळेच्या बोलीत नुसते ‘आर. एम.’. १८७९ साली रायखर्ट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा पाया घातला आणि पुढे इतरांनी त्यात सुधारणा केल्या. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी छोट्या साखळीची, वाफेबरोबर उडणारी आणि पाण्यात विरघळणारी मेदाम्ले असतात. पामतेल, सोयाबीन तेल, वनस्पती तूप किंवा जनावराची चरबी यांत ती जवळजवळ नसतात. म्हणून ही आम्ले मोजली की दुधाचा स्निग्धांश किती, याचा अंदाज येतो. कल्पना सुंदर आहे.

प्रत्यक्ष कृती मात्र पाहण्यासारखी आहे. पाच ग्रॅम तूप ग्लिसरीन आणि कॉस्टिक सोड्यात उकळून त्याचा साबण करायचा, त्यात आम्ल घालून ठरावीक मापाच्या काचेच्या उपकरणातून ऊर्ध्वपातन करायचे, आणि ११० मिलिलिटर द्रव १९ ते २१ मिनिटांच्या आत गोळा करायचा. तो गार करून, गाळून, त्यातील १०० मिलिलिटर द्रवाला उदासीन करण्यासाठी किती अल्कली लागली ते पाहायचे. ज्योत मोठी ठेवली, चंबूचा आकार बदलला, वेळ पंचवीस मिनिटांवर गेली, तर त्याच तुपाचा आकडा बदलतो. सोन्याच्या तुकड्याचे वजन कोणत्याही अचूक तराजूवर तेच भरते, कारण वजन हा वस्तूचा स्वतःचा गुण आहे. आर. एम. मूल्याचे तसे नाही. तो आकडा तुपाचा असतो तितकाच पद्धतीचाही असतो. म्हणून ‘आर. एम. इतके आले’ एवढे सांगणे अपुरे आहे. ते कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या हातून आले, हेही त्या उत्तरातच मोडते.

आता पुन्हा सरकीकडे वळू. सरकीतले तेल लांब साखळीच्या मेदाम्लांचे असते. ते जनावराच्या पोटातून रक्तात आणि तेथून कासेत जाते. परिणामी दुधाच्या स्निग्धांशात लांब साखळीच्या मेदाम्लांचा वाटा वाढतो आणि छोट्या साखळीच्या, म्हणजे ज्यांच्यावर आर. एम. मूल्य अवलंबून आहे त्याच आम्लांचा वाटा घटतो. ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर ४० अंश सेल्सिअसला तुपातून जाणाऱ्या प्रकाशाचे वक्रीभवन मोजतात. ते वाचनही सरकीमुळे वर सरकते. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे सरकीच्या तेलात काही खास मेदाम्ले असतात आणि ती हाल्फेन चाचणीत लाल रंग देतात. मुळात तुपात सरकीचे तेल मिसळले आहे का, हे ओळखण्यासाठी ही चाचणी आहे. परंतु सरकी खाणाऱ्या जनावराच्या निर्भेळ तुपातही तो लाल रंग उमटतो, कारण ती मेदाम्ले चाऱ्यावाटे दुधात उतरलेली असतात. तेल मिसळले ते जनावरानेच, डब्यात कोणी नव्हे. पण रंगाला हा भेद कळत नाही.

ही अडचण भारतीय तज्ज्ञांना फार पूर्वीच उमगली होती, ही समाधानाची गोष्ट आहे. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारीत सर्वसाधारण तुपासाठी आर. एम. मूल्य किमान २८ अपेक्षित धरले गेले, तर सरकीच्या पट्ट्यासाठी हिवाळ्यात २३ आणि उन्हाळ्यात २१ एवढी सूट दिली गेली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांतही कापूसपट्ट्यासाठी वेगळे निकष होते. ज्या भागात जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर चारली जाते आणि जो भाग राज्य शासनाने तसा अधिसूचित केला आहे, तो कापूसपट्टा, अशी त्याची व्याख्या. नियम करणाऱ्यांनी गोठ्यापर्यंत जाऊन विचार केला होता, असे म्हणावे लागते.

तरी दोन गोष्टी उरतात. पहिली अशी की नकाशावर आखलेली सीमा जनावराला ठाऊक नसते. एकाच गावात एक शेतकरी सरकीपेंड चारतो, शेजारचा कडब्यावर आणि हिरव्या मक्यावर भागवतो. दोघांच्या तुपाचे आकडे वेगळे येतील. शिवाय बीडचे तूप पुण्याच्या बाजारात गेले की डब्यावर गोठ्यातील आंबोणाची नोंद नसते.

दुसरी गोष्ट साध्या अंकगणिताची आहे. समजा, एका ठिकाणच्या तुपाचे नैसर्गिक आर. एम. मूल्य ३२ आहे. त्यात आठवा हिस्सा असे तेल वा चरबी मिसळली, जिचे स्वतःचे मूल्य जवळपास शून्य आहे. मिश्रणाचे मूल्य २८ येईल आणि किमान २८ ची अट ते पार करील. उलट सरकी खाणाऱ्या म्हशीचे निखळ तूप २२ वर थांबले, तर सर्वसाधारण निकषावर ते नापास. म्हणजे एकाच रेषेने भेसळ करणारा सुटतो आणि प्रामाणिक माणूस अडकतो. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५१ मध्ये निकृष्ट दर्जाच्या पदार्थासाठी ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोन म्हशी बाळगणाऱ्या कुटुंबाला या रकमेचा नुसता उच्चारही पेलणारा नाही. आणि गावात एकदा लागलेला भेसळीचा डाग दंड माफ झाल्याने पुसला जात नाही.

हा पेच समजण्यासाठी सराफी पेढीवरचा दगड आठवावा. सोन्याचा कस पाहताना सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासतो, पण केवळ त्या रेघेकडे पाहून निर्णय देत नाही. त्याच्याजवळ ज्ञात शुद्धतेच्या सोन्याच्या सळ्या असतात. तो शेजारी त्या सळीची रेघ ओढतो, दोन्हींवर आम्ल लावतो आणि मग दोन रेघा ताडून पाहतो. ‘बावनकशी’ हा शब्द मराठीने याच व्यवहारातून उचलला. खरी कसोटी दगडात नाही, सळीत आहे. सळीच्या शुद्धतेबद्दल शंका असेल, तर दगड कितीही उत्तम असला तरी निर्णयाला अर्थ राहत नाही.

आधुनिक रसायनशास्त्रात या सळीचे स्थान ज्या पदार्थांना आहे, त्यांना संदर्भ द्रव्ये म्हणतात. ज्याचे घटक कसून तपासलेले आहेत, जे सर्वत्र एकजिनसी आहे, जे ठरावीक काळ बदलत नाही आणि ज्याच्या प्रमाणपत्रावर आकड्याबरोबर त्या आकड्यातील अनिश्चितताही नोंदलेली आहे, असे ते द्रव्य. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अशी द्रव्ये ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाणित करते. त्यांत अतिशुद्ध सोनेही आहे. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था शेंगदाण्याच्या लोण्याच्या बाटल्याही संदर्भ द्रव्य म्हणून विकते. त्या छोट्या बाटल्यांच्या संचाची किंमत ऐकून हसू येते. पण ते लोणी पोळीला लावण्यासाठी नसतेच. त्यातील स्निग्धांश, प्रथिने, जीवनसत्त्वे यांचे आकडे आधीच ठाऊक असतात. प्रयोगशाळेने ते आपल्या यंत्रात घालायचे आणि आपले उत्तर प्रमाणपत्राशी जुळते का ते पाहायचे. जुळले नाही, तर दोष लोण्यात नाही, आपल्यात आहे.

तुपासाठीही अशी सळी आहे. परंतु ती बीडची नाही. दुधाच्या स्निग्धांशात परकी चरबी शोधण्याची आज जगभर मान्य असलेली पद्धत म्हणजे आयएसओ १७६७८. ती २०१० साली प्रथम प्रसिद्ध झाली. हिच्यात गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राने स्निग्धांशातील ट्रायग्लिसराइडांचे वाटप मोजतात आणि ते आकडे सूत्रांत घालून ‘एस-मूल्ये’ काढतात. शुद्ध दुधाच्या स्निग्धांशाची ही मूल्ये शंभराच्या आसपास असतात. एकूण सूत्रासाठी ९५.६८ ते १०४.३२ ही मर्यादा आहे. बाहेर गेली की परकी चरबी असल्याचा संशय. यंत्र जुळवण्यासाठी वापरले जाणारे प्रमाणित दुग्धस्निग्ध युरोपीय आयोगाच्या बेल्जियममधील गील येथील केंद्राकडून येते. सूत्रांमागची आकडेवारी गाईच्या दुधाची आहे. म्हशीचे दूध, एखाद्याच जनावराचे दूध, तेलबियांचा फार मोठा खुराक अशा परिस्थितीत ही पद्धत चुकीचा संशय निर्माण करू शकते, असा इशारा त्या पद्धतीतच दिलेला आहे.

२०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडूप्रसादासाठी आलेल्या तुपावरून देशभर वादळ उठले, तेव्हा वर्तमानपत्रांतून हीच एस-मूल्ये सामान्य वाचकासमोर प्रथम आली. बहुतेकांनी त्यातील चरबीची नावे वाचली. त्याच अहवालात चुकीच्या संशयाची कारणे सांगणारी टीपही जोडलेली होती, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणासाठी विशेष तपास पथक नेमले. त्या प्रकरणाचे तथ्य काय, हा येथील विषय नाही. प्रयोगशाळेचा कागद वाचताना आकड्याइतकीच टीपही वाचावी लागते, एवढेच त्यातून घ्यायचे. मांसाहारी अंशाच्या नुसत्या शंकेनेही ज्या घरांत अन्न बाजूला सारले जाते, त्यांना तर ही सवय अधिकच हवी. आंधळा विश्वास आणि आंधळा संशय, दोन्ही येथे सारखेच महाग पडतात.

मराठवाड्यात दुधाचा मोठा वाटा म्हशींचा आहे. बीड, परभणी, जालना, नांदेड या भागांतील ‘मराठवाडी’ म्हैस ही अधिकृत नोंद झालेली स्वतंत्र जात आहे. तिच्या खुराकात सरकी, तिचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वरचा, तिचा चारा दुष्काळात उसाच्या वाढ्यांवर येणारा. तिच्या तुपाची रेघ थंड, हिरव्या युरोपातील गाईच्या तुपाशेजारी ओढली, तर दोन्ही रेघा सारख्या दिसाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे.

याच्या तुलनेत बोदुआँ चाचणीची कथा आनंद देणारी आहे. वनस्पती तूप स्वस्त, दिसायला तुपासारखे आणि ओळखायला कठीण. त्यावर आपल्या देशाने फार हुशारीचा उपाय काढला. प्रत्येक वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम केला. तिळाच्या तेलात एक असा घटक असतो की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल यांच्याबरोबर तो गुलाबी-लाल रंग देतो. म्हणजे चोर कोण हे शोधण्याऐवजी त्याच्या अंगरख्यालाच आधी रंग लावून ठेवला. वितळलेले तूप ५ मिलिलिटर, आम्ल ५ मिलिलिटर, फुरफुरालचे काही थेंब. दोन मिनिटे हलवले की आम्लाच्या थरात रंग दिसतो किंवा दिसत नाही. तरी सावध विश्लेषक शेजारी एक नळी फुरफुरालशिवाय ठेवतो, कारण काही कृत्रिम रंग नुसत्या आम्लानेही लाल होतात. ती रिकामी नळी नसेल, तर रंग तिळाचा की रंगद्रव्याचा हे सांगता येत नाही. आणि ज्या तेलात तीळ घातलेलाच नाही, उदाहरणार्थ थेट मिसळलेले पामतेल, त्याला ही चाचणी मुकाट्याने सोडून देते. (तीव्र आम्लाचा हा प्रयोग स्वयंपाकघरात मुळीच करू नये.)

घरी करण्याजोगी चाचणी आहे ती आयोडीनची. अर्धा चमचा तुपात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात पिष्ट मिसळलेले आहे. कुस्करलेला बटाटा किंवा रताळे घालून तुपाचे वजन वाढवण्याची लबाडी जुनीच आहे. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरासाठी हा केवळ फसवणुकीचा प्रश्न उरत नाही. मात्र आयोडीन एवढेच सांगते की पिष्ट आहे. ते बटाट्याचे की तांदळाचे, हे त्याला ठाऊक नाही. ते सूक्ष्मदर्शक सांगतो. बटाट्याच्या पिष्टाचे कण मोठे, लांबट गोल, शिंपल्यासारख्या वलयांचे. तांदळाचे बारीक आणि कोनदार. येथेही विश्लेषकाला मदत करते ती ज्ञात बटाट्याची आणि ज्ञात तांदळाची काचपट्टी, जी त्याने शेजारी जपून ठेवलेली असते. पुन्हा तीच सळी.

तळहातावर तूप वितळते का, दाणा पडतो का, या परीक्षांबद्दल आदर बाळगूनही सांगावे लागते की त्यांचा आधार डळमळीत आहे. दाणा प्रामुख्याने तूप किती सावकाश गार झाले यावर ठरतो.

तुपाच्या आधीचा टप्पा दुधाचा. आष्टी-पाटोद्याकडचा शेतकरी सकाळी डेअरीवर ‘आज फॅट किती लागली?’ असे विचारतो, कारण त्या दशांशावर त्याचा भाव ठरतो. गर्बर पद्धतीत १०.७५ मिलिलिटर दूध, १० मिलिलिटर गंधकाम्ल आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल ब्युटिरोमीटरमध्ये घालून यंत्रात फिरवतात आणि स्निग्धांशाचा थर डोळ्यांनी वाचतात. आज बहुतेक ठिकाणी स्वयंचलित यंत्र अर्ध्या-एक मिनिटात आकडा दाखवते. पण हे यंत्र स्निग्धांश प्रत्यक्ष वेगळा काढत नाही. आधी शिकवलेल्या दुधाशी तुलना करून ते अनुमान काढते. त्याला गाईचे दूध शिकवून म्हशीचे दूध मोजायला दिले, किंवा महिनोन्‌महिने ज्ञात नमुन्याशी ताडूनच पाहिले नाही, तर त्याचे उत्तर ठसठशीत अक्षरांत चुकते. स्निग्धेतर घनपदार्थ लॅक्टोमीटरवरून काढण्याच्या सूत्रात शेवटी जो स्थिरांक मिळवतात, तोही लॅक्टोमीटरच्या प्रकारानुसार ०.१४ पासून ०.७२ पर्यंत निरनिराळा आहे. एका लॅक्टोमीटरला दुसऱ्याचा स्थिरांक लावला, तर अर्ध्या टक्क्याहून अधिक फरक पडतो. दुधात पाण्याचा थेंब न मिसळताही ते ‘डिग्रीला कमी’ ठरू शकते.

कायद्याने दोन्ही बाजूंना काही दारे उघडी ठेवली आहेत आणि ती माहीत असणे हिताचे. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतात तेव्हा त्याचे चार भाग करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि विक्रेत्याने तशी मागणी केल्यास चौथा भाग त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. ही मागणी त्याच वेळी करायची असते. पुष्कळ छोटे विक्रेते घाबरून ती करतच नाहीत. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. अहवाल मान्य नसेल, तर ३० दिवसांत अपील करता येते आणि राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो. अपिलात आपल्या जनावरांना सरकी चारली जाते हे नमूद करावे, पेंडीच्या पावत्या जोडाव्यात. ग्राहकालाही कलम ४० प्रमाणे शुल्क भरून पदार्थ तपासून घेता येतो. अट एवढीच की तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगितला पाहिजे.

मूळ उणीव मात्र याने भरून निघत नाही. हवी आहे ती मराठवाड्याच्या तुपाची स्वतःची सळी, म्हणजे ज्यांच्या निर्भेळपणाबद्दल तिळमात्र शंका नाही अशा नमुन्यांची आकडेवारी. त्यासाठी कोणी तरी धार काढताना समोर उभे राहावे लागते. म्हैस कोणत्या जातीची, किती वेताची, आंबोणात सरकी किती, महिना कोणता, हे लिहावे लागते. दूध, लोणी आणि तूप त्याच माणसाच्या नजरेखाली व्हावे लागते. मग ते गडद बाटल्यांत, थंड जागी, मोहोरबंद ठेवून एकाहून अधिक प्रयोगशाळांना कोणाचे ते न सांगता पाठवावे लागते. हे वर्षभर, सर्व ऋतूंत करावे लागते. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे अन्नतंत्रज्ञानाचे महाविद्यालयही आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील कडा येथे श्री अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा चालते. ऊर्ध्वपातन आणि टायट्रेशन रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाहीत. गोठेही महाविद्यालयापासून दूर नाहीत. चार गावांतील दहा-दहा गोठ्यांपासून आरंभ केला, तरी सरकी चारलेल्या आणि न चारलेल्या म्हशींच्या तुपातील अंतर किती, हे बीडच्याच आकड्यांत मांडता येईल.